दोन पाण्यांची नदी: सेंट लॉरेन्समधले प्लवक आणि तूरडाळीची शिट्टी

कोयनाकाठ

धागा विज्ञान विभागात टाकतोय, पण सुरुवात स्वयंपाकघरातून आहे. पाककृतीवाल्यांनीही यावं.

मागच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे मॉन्ट्रियलला आली होती. मी राहतो व्हर्दनला, बहीण राहते लावालला. गाडीने अर्धा तास. आई पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. जाताना म्हणाली, "तुझ्याकडं डाळ शिजायला मेली दोन शिट्ट्या जास्त घेते. बोअरचं पाणी पितोस काय रे?" डाळ एकाच दुकानातली, कुकर दोन्हीकडचे पाटणहून आणलेले. मग उरलं पाणीच.

शोधाशोध केली तर आई बरोबर निघाली. व्हर्दनच्या नळाला सेंट लॉरेन्सचं पाणी येतं. लावालचं पाणी मिल-इल आणि रिव्हिएर दे प्रेरी या दोन फाट्यांतून उचलतात, आणि ते फाटे खरं तर ओटावा नदीचे आहेत. म्हणजे एकाच महानगरात दोन वेगळ्या नद्या नळाला. ओटावाचं पाणी मऊ, सेंट लॉरेन्सचं बऱ्यापैकी जड. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून डाळ लवकर मऊ होत नाही. आपल्याकडे हे प्रत्येक बाईला माहीत असतं, मला चाळिशीत कळलं.

आता मुद्दा. ओटावा सुमारे १,२७० किलोमीटर लांब आहे आणि सेंट लॉरेन्सची सगळ्यात मोठी उपनदी आहे. ती येते कॅनेडियन शील्डवरून, म्हणजे अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस खडकावरून. हा खडक पाण्यात जवळपास काही सोडत नाही. वर सूचिपर्णी जंगल आणि पीटच्या दलदली, त्यातून कुजलेल्या पानांचा अर्क पाण्यात उतरतो. परिणामी पाणी कोऱ्या चहासारखं. याउलट सेंट लॉरेन्स निघते ओंटॅरिओ सरोवरातून. त्याच्या आणि ईरीच्या आजूबाजूला चुनखडीचा प्रदेश आहे. शिवाय हे पाणी आधी ग्रेट लेक्स म्हणतात त्या पाच सरोवरांत मुरलेलं, गाळ खाली बसलेला. एकट्या सुपीरियरमध्येच पाण्याचा थेंब सरासरी १९० वर्षं राहतो, ओंटॅरिओत सहा वर्षं. म्हणून ते स्वच्छ, हिरवट निळं. कॅल्शियम लिटरला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. ओटावात १० च्या आसपास.

ही दोन पाणी मॉन्ट्रियलपाशी एका पात्रात येतात आणि मिसळत नाहीत. विमान त्रुदो विमानतळाकडे उतरताना खिडकी मिळाली तर खाली तपकिरी आणि हिरव्या पट्ट्यांमधली रेघ स्पष्ट दिसते. उत्तर काठाने तपकिरी, मधून हिरवा, असे हे पट्टे शंभराहून अधिक किलोमीटर, पार सें-पिएर सरोवर (पुढे नदीचंच पात्र फुगून झालेलं) ओलांडून जातात.

मी एक फोल्डस्कोप घेतलाय (मनू प्रकाश यांचा तो घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, १४० पट मोठं दाखवतो) आणि बायकोच्या जुन्या नायलॉन मोज्याची जाळी शिवलीय. मे महिन्यात दोन्ही पाण्यांतून नमुने घेतले. हिरव्या पाण्यात चांदणीसारखे अ‍ॅस्टेरिओनेला आणि फणीसारखे फ्रॅजिलेरिया, दोन्ही डायटम, म्हणजे काचेच्या कवचाची एकपेशी शैवालं. तपकिरी पाण्यात ऑलाकोसायराच्या लांब साखळ्या, नागमोडी टॅबेलेरिया, आणि झाडाच्या फांदीसारखं डिनोब्रायॉन. काठ एक, महिना एक, उन्ह तेच. वस्ती मात्र वेगळी.

तर प्रश्न असा: पाण्यातले हे तरंगते जीव, म्हणजे प्लवक, कोण असावेत हे पाण्यातली रसायनं किती ठरवतात? जाणकारांनी लिहावं. माझं शिक्षण संगणकाचं, चुका सुधारा.

सई_टी

भारी धागा! ती डाळ वाचून हसले. आमच्याकडे लातूरला टँकरचं पाणी बदललं की वरण बिघडतं, आईला टँकर कुठून आला ते चवीवरून कळतं.

मिसळत का नाहीत पण? कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना तर समोरासमोर भिडतात आणि पुढे एकच नदी.

कोयनाकाठ

@सई_टी, कराडच्या बाजूचाच माणूस आहे मी, आयडीवरून कळलं असेल :) तिथे दोन्ही प्रवाह तोंडावर तोंड येतात आणि काटकोनात वळतात, त्यामुळे घुसळण होते. इथे दोन नद्या शेजारी-शेजारी चालायला लागतात. पात्र किलोमीटरच्या हिशेबात रुंद आणि खोली त्या मानाने काहीच नाही. सें-पिएर सरोवर सरासरी तीनच मीटर खोल. वरचं-खालचं पाणी लगेच मिसळतं, डावं-उजवं मिसळायला फार लांब जावं लागतं. त्यात मधोमध जहाजांसाठी ११ मीटरहून खोल खोदलेली वाट आहे. बहुतेक प्रवाह त्या वाटेनेच धावतो आणि दोन काठांमध्ये भिंतीसारखा उभा राहतो. पुढे समुद्राच्या भरती-ओहोटीचं अंग लागतं, तिथे कुठे नीट घुसळण होते.

पाणीवाला

महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात ३१ वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही जे दोन प्रकारचं पाणी म्हणताय त्यावर आमच्या धंद्यात दोन वेगळे रोग आहेत. हिरव्या पाण्यातला रोग म्हणजे तुमची चांदणी. अ‍ॅस्टेरिओनेला, फ्रॅजिलेरिया, सिनेड्रा ही मंडळी वाळूच्या फिल्टरवर बसली की फिल्टर चोंदतो. काचेची कवचं ती, कुजत नाहीत. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) घेऊन घेऊन ऑपरेटर रडकुंडीला येतो.

तपकिरी पाण्याचा रोग निराळा. ह्युमिक आम्लं, म्हणजे तो कुजलेल्या पानांचा अर्क, काढायला तुरटी जास्त लागते, आणि तुरटी पाण्यात आम्ल सोडते. पाण्यात क्षारता असेल तर ती ते आम्ल गिळते. ग्रॅनाइटच्या पाण्यात क्षारताच नाही, मग पीएच धाडकन खाली. म्हणून सोबत चुना द्यावा लागतो. आणि तो रंग पूर्ण न काढता क्लोरीन मारला तर ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, ते आणखी वाईट.

थोडक्यात, जे आम्हाला डोस ठरवताना छळतं, तेच तुमच्या प्लवकांना छळत असणार. क्षारता, कॅल्शियम, रंग. फॉस्फरस तर आहेच.

निवांत

लेख चांगला आहे पण निष्कर्षाची घाई होतेय असं वाटतं. दोन पाणी वेगळी दिसली, जीव वेगळे दिसले, म्हणून रसायनच कारण? एक पाणी सरोवरातून येतंय. तिथले प्लवक सरोवरातच वाढले आणि वाहत आले असतील. दुसरं खऱ्या नदीतून येतंय. हा फरक रसायनाचा नाही, पत्त्याचा आहे. शिवाय वाहत्या पाण्यात कुठलाही जीव वाढायला वेळ तरी मिळतो का?

ओवी

@निवांत, मुद्दा अगदी योग्य आहे. याच विषयात पीएचडी चालू आहे (भारतात, तलावांवर), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळेचं आधी. पूर्व कॅनडातल्या ३१ नद्यांचा उन्हाळ्यातला एक गाजलेला अभ्यास आहे, नव्वदच्या दशकातला. त्यात हिरव्या वनस्पतीप्लवकांचं प्रमाण सरळ फॉस्फरसबरोबर वाढताना दिसलं. पाणी नदीत किती दिवस राहतं याच्याशी त्याचं फारसं नातं निघालं नाही. प्राणीप्लवकांचं मात्र उलट. ते पाणी किती काळ थांबतं त्यावर अवलंबून. कारण साधं आहे. शैवालाची पेशी दिवस-दोन दिवसांत दुप्पट होते. रोटिफर हे अगदी बारीक प्राणीप्लवकही झटपट वाढतात. कोपेपॉड या जरा मोठ्या, कोळंबीच्या नात्यातल्या प्राणीप्लवकाला अंड्यापासून मोठं व्हायला आठवडे लागतात, तोवर तो समुद्रात पोचलेला असतो. म्हणून मोठ्या नद्यांत बघाल तर रोटिफर आणि बॉस्मिनासारखे छोटे जीवच जास्त.

म्हणजे तुम्ही म्हणता ते प्राण्यांच्या बाबतीत बरंचसं खरं, वनस्पतींच्या बाबतीत कमी.

आता रसायन. कोयनाकाठ, तुमच्या नमुन्यातलं डिनोब्रायॉन ही मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली. ते सोनेरी शैवालांच्या गटातलं. या गटाला प्रकाशसंश्लेषणासाठी विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो, बायकार्बोनेट वापरायची सोय त्यांच्याकडे फारशी नाही. दलदलीच्या तपकिरी पाण्यात कुजणं सतत चालू असल्याने कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो आणि पीएच कमी. त्यांचं घर ते. जड, क्षारयुक्त पाण्यात पीएच वर जातो (शाळेच्या पुस्तकातला सामू), मोकळा कार्बन डायऑक्साइड संपतो, उरतं बायकार्बोनेट. ते खायची हातोटी सायनोबॅक्टेरियांकडे (हिरवी-निळी शैवालं म्हणतात ती) आहे. त्यामुळे गरम, जड, फॉस्फरसवाल्या पाण्यात शेवटी तेच माजतात.

दुसरं, रंग. ह्युमिक पाणी निळा प्रकाश शोषून घेतं, खाली पोचतो तो तांबूस उजेड, तोही थोडाच. तिथे ज्यांना अर्धपोटी राहता येतं ते टिकतात. डिनोब्रायॉन तर सरळ बॅक्टेरिया गिळतं. उजेड मिळाला तर वनस्पती, नाही मिळाला तर शिकारी. क्रिप्टोमोनाड्स नावाचे जीवही तसेच, पण ते फोल्डस्कोपखाली दिसले नसतील. जाळीतून निसटतात आणि नमुना ठेवला की तासाभरात फुटून जातात.

तिसरं सिलिका. डायटमचं कवच काचेचं, त्याला सिलिका लागते. ती येते खडक झिजून. पण सरोवरांत काय होतं, डायटम ती सिलिका घेतात, मरतात, तळाशी बसतात. पाच सरोवरांची ही गाळणी पार करून आलेल्या पाण्यात उन्हाळ्यात सिलिका फार कमी उरते. साठ-सत्तरच्या दशकात साबणाच्या पावडरींतून आणि सांडपाण्यातून एवढा फॉस्फरस आला की मिशिगन सरोवरात डायटम भरमसाठ वाढून सिलिकाच संपवायला लागले, आणि मग त्यांची जागा हिरव्या-निळ्या शैवालांनी घेतली. १९७२ चा कॅनडा-अमेरिका पाणी करार झाला त्यामागे फॉस्फरसचीच चिंता होती. फॉस्फरस वाढला आणि भूक लागली सिलिकाची! मला हा किस्सा फार आवडतो.

सई_टी

ओवी, हे वेगळा धागा म्हणून येऊ दे ना. _/\_

"अर्धपोटी राहता येतं ते टिकतात" हे कुठल्याही पीजीला लागू आहे.

निवांत

बरं. मग निदान वनस्पतींपुरता शब्द मागे. पण असं एक उदाहरण द्या की जिथे सरोवर-नदी हा फरक नाही, फक्त रसायन वेगळं आणि जीव वेगळा.

कोयनाकाठ

@निवांत, आहे. झेब्रा शिंपली.

ही मूळची काळ्या-कॅस्पियन समुद्राकडची. जहाजांच्या बॅलास्टच्या (तोल राखायला तळाशी भरतात त्या) पाण्यातून आली, १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडली आणि काही वर्षांत सगळीकडे. ती खडकाला चिकटून बसते, पण तिची पिल्लं पहिले काही आठवडे पाण्यात तरंगतात, म्हणजे तेवढा काळ ती प्राणीप्लवकच. कवचाला कॅल्शियम लागतं, ते मुबलक नसेल तर वाढ खुंटते.

ओटावा शहरात रिडो नावाची छोटी नदी धबधब्यावरून ओटावा नदीत पडते. रिडो चुनखडीच्या भागातून येते. तिच्यात झेब्रा शिंपल्यांचे थरच्या थर आहेत, नव्वदच्या दशकापासून. त्यांची कोट्यवधी पिल्लं रोज धबधब्यावरून ओटावात पडतात. आणि ओटावात? जवळजवळ काहीच नाही. दोन्ही नद्या, हवा तीच, थंडी तीच. बियाणं फुकट घरपोच मिळतंय तरी पीक नाही.

मॉन्ट्रियलच्या खालीही तसंच. हिरव्या पाण्याच्या बाजूला शिंपल्या, तपकिरी बाजूला तुरळक. तिची चुलत बहीण क्वागा, ती तर लिटरला १२ मिलिग्रॅम कॅल्शियमच्या खाली आढळलीच नाही.

निवांत

हे पटलं. रिडोचं उदाहरण आधी द्यायचं होतंत, माझा प्रतिसाद वाचला असता.

तोम्स्क_रिटर्न

एमबीबीएस सायबेरियात केलं, तोम्स्क शहरात. तोम नदी ओबला मिळते, म्हणून ओबबद्दल थोडं.

आमच्या हॉस्टेलच्या वॉचमन आजोबांना मासेमारीचा नाद. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून तासन् तास बसायचे. त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा यायचा, झामोर. अर्थ गुदमरणं. ओबचं खोरं म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या दलदलींचा प्रदेश, एकटी वासयुगानची दलदल पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या वर. हिवाळ्यात नदीवर सहा महिने बर्फाचं झाकण. वरून हवा लागत नाही. खालून दलदलीचं पाणी येत राहतं, त्यात सेंद्रिय माल आणि विरघळलेलं लोह. दोन्ही ऑक्सिजन खातात. बर्फाखाली, त्यातून वर बर्फाची रास असेल तर, उजेड नाही, मग शैवालं ऑक्सिजन बनवत नाहीत. असं खालच्या ओबमध्ये शेकडो किलोमीटर पाणी मेल्यासारखं होतं. मासे आधीच ओळखून खाडीकडे पळतात किंवा झऱ्यांच्या तोंडाशी गोळा होतात. त्या जागांना तिकडे 'झिवून' म्हणतात, जिवंत पाणी.

म्हणजे तुमचा ओटावाचा चहा आणि ओबचा चहा एकच, फक्त ओबवर झाकण जास्त दिवस आणि दलदल फार मोठी.

येनिसेईचं मात्र वेगळं. तिला बैकालचं स्वच्छ पाणी अंगारा नदीतून मिळतं. बैकालवरचा बर्फ इतका नितळ की उजेड खाली जातो आणि ऑलाकोसायरा बर्फाखालीच फुलतं. कोयनाकाठ यांनी तपकिरी पाण्यात पाहिलेल्या साखळ्यांचं हे भावंड. तीच जात नव्हे, पण कुळ तेच.

पाणीवाला

@तोम्स्क_रिटर्न, डॉक्टरसाहेब, सुंदर. लोहवालं, ऑक्सिजन नसलेलं पाणी म्हणजे आमच्याकडे धरणाच्या तळाच्या झडपेतून सोडलेलं पाणी. रंग आणि वास दोन्ही ओळखीचे.

अवंती_के

वाचनमात्र होते, पण एक शंका. कॅनडात रस्त्यांवर एवढं मीठ टाकतात (आम्ही टोरांटोजवळ, गाडीचा पत्रा दर वर्षी गंजतो) ते शेवटी नदीतच जातं ना? त्याचं काय?

ओवी

@अवंती_के, चांगली शंका. देशभरात वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ पडतं. मोठ्या नदीत ते विरतं, छोट्या ओढ्यांत आणि शहरी तळ्यांत नाही. कॅनडाची दीर्घकाळासाठीची मर्यादा लिटरला १२० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. पण अलीकडे वेगवेगळ्या देशांतल्या तळ्यांवर प्रयोग झाले, त्यात डॅफ्नियासारखे पाणपिसू याच्या खालच्या पातळीलाही कमी झालेले दिसले. पाणपिसू शैवाल खातात. ते गेले की शैवाल वाढतं.

आणि कॅल्शियमची एक उलटी गोष्ट राहिली. शील्डवरच्या तळ्यांत कॅल्शियम आधीच कमी, त्यात कित्येक दशकांच्या आम्लपावसाने मातीतलं धुऊन नेलं आणि लाकूडतोडीने झाडांबरोबर गेलं. डॅफ्नियाला कवचासाठी लिटरला साधारण दीड मिलिग्रॅम तरी हवं. त्याच्या खाली गेलं की तिची जागा होलोपीडियम हा दुसरा पाणपिसू घेतो. त्याला कॅल्शियम फारच कमी लागतं, अंगावर जेलीचं आवरण असतं. ओंटॅरिओच्या अनेक तळ्यांत ऐंशीच्या दशकानंतर वीसेक वर्षांत त्याची संख्या सरासरी दुप्पट झाली. जाळी टाकली की साबुदाण्याची खीर वर येते, असं समजा. पाणीवाला काका, तुमच्या फिल्टरला ही जेलीही चोंदवते.

ओटावाच्या मुख्य प्रवाहात एवढी टंचाई नाही, दहाएक मिलिग्रॅम डॅफ्नियाला पुरतं. तिच्या वरच्या खोऱ्यातल्या तळ्यांत मात्र ही गोष्ट घडतेय.

पाणीवाला

साबुदाण्याची खीर! एकादशीला आठवण येणार आता.

कोयनाकाठ

दोन पाणी म्हणालो, पण पट्टे तीन आहेत. सें-पिएर सरोवराच्या दक्षिण काठाला रिशेल्यू, यामास्का, सें-फ्रान्स्वा या नद्या मिळतात. यामास्काचं खोरं म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांचे गोठे. गढूळ पाणी, खताचा फॉस्फरस आणि नायट्रोजन दोन्ही. इथे अपेक्षा अशी की तरंगणारं शैवाल माजेल. पण काठाला पाणवनस्पतींचं दाट रान आहे. ते रान नायट्रोजन आधीच ओढून घेतं, आणि आत पोचेपर्यंत पाण्यात फॉस्फरस उरतो, नायट्रोजन संपतो. अशा ठिकाणी तळाला सायनोबॅक्टेरियाच्या काळपट केसांसारख्या गाद्या पसरल्यात. प्लवक नव्हेत, तळवासी आहेत, पण हिशेब तोच: कोणता क्षार आधी संपला.

याचा फटका पिवळ्या पर्च माशाला बसला असं मानतात, इतर कारणांबरोबर. पिल्लांचं अन्न आणि लपायच्या जागा गेल्या. २०१२ पासून तिथे पर्च धरायला बंदी आहे. हे सरोवर २००० साली युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र झालं. गावात पाटी बघितली, चकाचक आहे.

निवांत

पाटी नेहमी चकाचकच असते.

ओवी

कोयनाकाठ, पुढच्या मोसमात माझ्यासाठी नमुने घ्याल का? डोळ्यांनी बघण्यापेक्षा मोजणी व्हायला हवी. जाळी नको, जाळीतून बारीक जीव निसटतात. सरळ बाटली बुडवून पाणी घ्या, अर्धा लिटर पुरे. जीव टिकावेत म्हणून लगेच लुगोलचं आयोडीन (आयोडीनचं द्रावण) घाला. फॉर्मॅलिन अजिबात नको, डिनोब्रायॉन आणि क्रिप्टोमोनाड्स त्यात फुटतात. लुगोल किती घालायचं त्याची खूण सोपी आहे: पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत थेंब-थेंब टाकत राहा. बाटली अंधारात ठेवा, रंग उडाला तर पुन्हा दोन थेंब.

कोयनाकाठ

आनंदाने. एप्रिलअखेर बर्फ गेला की जातो, दोन्ही काठांवर.

फक्त एक अडचण. हिरव्या पाण्याचं जमेल. ओटावाचं पाणी बाटलीत घेतलं की आधीच चहाच्या रंगाचं असतं, तिथे थांबायचं कधी?

ओवी

:D खरंच की. मोजून घाला मग. आधी हिरव्या पाण्यात किती थेंब लागतात ते लिहून ठेवा, तपकिरीला त्याहून थोडे जास्तच. ह्युमिक पदार्थ थोडं आयोडीन खातात.